कॉलेजच्या इमारतीला भुलू नका

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की पालघर-बोईसरमध्ये कॉलेजांच्या जाहिरातींचे पेव फुटते. हिरवळ, काचेची इमारत आणि खाली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. कायम प्राध्यापक किती आणि प्रयोगशाळेत मुलांच्या हाताला यंत्र लागते की नाही, हे मात्र त्या फलकावर कधीच नसते. आमचा विद्यार्थी इमारत पाहून कॉलेज ठरवतो आणि शेजारच्याने घेतली म्हणून ब्रँच घेतो. चार वर्षांनी पदवी हातात असते, काम नसते.

आपण कोठे राहतो, याचा आधी विचार करावा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देते. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बाजूला एमआयडीसीत रसायने, औषधे, कापड आणि पोलादाचे कारखाने आहेत. या कारखान्यांच्या दारात आमचा बाप कंत्राटी हजेरीवर उभा राहतो. त्याच्या मुलाने त्याच दारातून प्रयोगशाळेत जायचे की पुन्हा ठेकेदाराच्या वहीत नाव लिहायचे, हा खरा प्रश्न आहे. तरीही पर्याय अर्जात वरपासून खालपर्यंत कॉम्प्युटर आणि फक्त कॉम्प्युटर! आवड असेल तर कॉम्प्युटर जरूर घ्यावे. पण केमिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, औद्योगिक सुरक्षा यांकडे पाठ का? भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणार्थी भरतीत डिप्लोमा आणि बी.एस्सी. झालेल्यांनाही संधी असते, हे किती घरांत ठाऊक आहे?

आता कायद्याची बाजू. ‘कॅप’च्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा अंतिम ठरते. म्हणून पहिला क्रमांक सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरू नये. आवडती ब्रँच मिळावी म्हणून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप दोन्ही जातात आणि पूर्ण फी घरावर बसते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकालाची वाट न पाहता बारावीच्या वर्षातच करावा. मान्यताप्राप्त तंत्रशिक्षण संस्थेला प्राध्यापक, जागा आणि फी यांची माहिती जाहीर करावी लागते. ती मागणे हा उपकार मागणे नव्हे, तो हक्क आहे.

अंतराचा हिशेबही मांडावा. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली हे खरे. पण बोईसरहून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर आहे. रोज पाच-सहा तास गाडीत गेले तर अभ्यास कधी करायचा? मुंबईचे चांगले कॉलेज मिळत असेल तर शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि इतर अटी पुऱ्या होत असतील, तर मुंबईत राहणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. आणि मुलाला हवे ते कॉलेज, मुलीला मात्र घराजवळचे, हा भेद बौद्ध म्हणवणाऱ्या घरात तरी नसावा.

कॅम्पस म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी आपल्याला कृतीतून दाखवले आहे. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांचा विचार करून सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये मराठवाड्यात महाविद्यालय सुरू केले, त्याच्याभोवती नागसेनवनात खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. गरिबाच्या मुलाला तेथे पोहोचता यावे, राहता यावे आणि ग्रंथालयात बसता यावे, ही त्यांची कसोटी होती. हिरवळ नंतरची.

म्हणून पालकांनो, अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस खाडा पडला तरी चालेल, पण कॉलेजात जाऊन या. प्रवेश कक्षात बसू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्रयोगशाळा कधी उघडते, शिष्यवृत्तीवाल्यांना कसे वागवतात आणि मागच्या वर्षीची मुले आज कोठे काम करतात, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे विहारातील रविवारच्या बैठकीत सर्वांसमोर मांडा. एका घराने केलेली चौकशी दहा घरांच्या कामी येईल.