शिक्का तिच्या नावाचा, कपाट सासूचं

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका जुन्या मैत्रिणीने मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू कधीपासून अमेरिकेच्या सुनांची कैवारी झालीस? आपल्याकडे पोटगीच्या, मारहाणीच्या, रेशनकार्डाच्या केसेस कमी पडल्या का?" बाकीच्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते हसू घशात अडकलं, म्हणून हे लिहिते आहे. उत्तर तिला द्यायचं आहे, पण ते आपल्या सगळ्याजणींना लागू आहे.

मी मोहन्यात राहते. अंबिवली स्टेशनला उतरून जे मोहनं लागतं ते. आमचं गाव एन.आर.सी.च्या, म्हणजे रेयॉन कंपनीच्या जिवावर वाढलं, आणि २००९ साली कंपनीला टाळं लागलं तेव्हा ते तसंच बसलं. कामगारांची देणी वर्षानुवर्षं थकली. कोणी वॉचमन झाले, कोणी रिक्षा घेतली. त्या वेळी ज्यांच्या मुली शाळा-कॉलेजात होत्या त्यांच्या घरात 'बाहेरचं स्थळ' हा शब्द याच सुमारास आला. आमच्याकडे अमेरिका आली ती पैसा उतू जातो म्हणून आली नाही, गिरणगावातल्या बायका जशा मुलगी 'नोकरीवाल्याला' द्यायला बघायच्या तशी आली. तेव्हा हा प्रश्न पार्ल्याचा आणि सदाशिव पेठेचा आहे, हे आधी डोक्यातून काढून टाकू या.

जिच्याबद्दल सांगते आहे तिचं नाव लिहीत नाही. तिचे वडील कंपनीत होते. ती कल्याणला एका लॅबमध्ये तपासणीचं काम करायची, पगार घरात द्यायची. स्थळ डोंबिवलीचं, मुलगा तिकडचा नागरिक झालेला. हुंडा मागितला नाही, याचंच इतकं कौतुक झालं की बाकी काही विचारायचं राहून गेलं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लग्न झालं आणि एकोणिसाव्या दिवशी मुलगा परत गेला. "आज ना उद्या जायचंच आहे, आता नोकरी कशाला?" असं सासरी म्हणाले, आणि तिने राजीनामा दिला. पुढचे वीस महिने ती डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत स्वयंपाक करत, सासऱ्यांच्या गोळ्या आणत 'जायची' वाट बघत होती.

या वीस महिन्यांत कागद कसे फिरतात ते बघा. अर्ज नवरा करतो. अर्जाचा क्रमांक त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, पत्रं त्याला येतात. बायको त्या अर्जात 'लाभार्थी' असते. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत आपण तो रोज वाचतो. नवऱ्याने मनात आणलं तर बायको त्या देशात पाऊल टाकेपर्यंत कधीही तो अर्ज मागे घेऊ शकतो, आणि तिला विचारावं लागत नाही. लग्न दोघांनी केलेलं असतं. अर्ज मात्र एकाचा.

जानेवारीत मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणी झाली, पासपोर्ट कचेरीतून पोलिसांचा दाखला आणला, लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं. अमेरिकेची वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीला होती, आता बांद्रा-कुर्ला संकुलात आहे. तिची आई मला म्हणाली, "काकू, तुम्ही जा बरोबर, मला तिथलं काही कळायचं नाही." पहाटेच्या लोकलने आम्ही कुर्ल्याला उतरलो. सासरे तिथे आधीच फाईल घेऊन उभे होते. फाईल त्यांनी गेटपर्यंत सोडली नाही. आत अर्जदार एकटाच जातो, मोबाईलही नेता येत नाही. मी बाहेर फुटपाथवर थांबले. आपल्या गावाकडून आलेल्या आयाबाया, वडील, भाऊ तिथे तासन् तास उभे असतात, आणि गेटमधून बाहेर येणाऱ्या मुलीचा चेहरा लांबूनच वाचतात.

ती हसत आली. खिडकीतली बाई नीट बोलली म्हणाली. लग्न कुठे झालं, नवरा काय करतो, किती वेळा भेटलात, एवढंच विचारलं. खिडकीबद्दल माझी तक्रार नाही. आपण अनेकदा उर्मट अधिकारी, रांग, उन्हातला फुटपाथ यांवर लिहितो आणि तिथेच थांबतो. खरी गोष्ट खिडकीनंतर सुरू झाली.

शिक्का मारलेला पासपोर्ट आणायला तेव्हा दुसरं माणूसही चालायचं, अर्जदाराने सही करून अधिकारपत्र दिलं की झालं. ते अधिकारपत्र सासऱ्यांनी आदल्या रात्रीच लिहून घेतलं होतं. पासपोर्ट आला तो थेट सासूबाईंच्या लोखंडी कपाटात गेला. या शिक्क्याची मुदत साधारण सहा महिने, आणि ती वैद्यकीय तपासणीपासून धरतात. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. तिकिटाचं विचारलं की "बघू" म्हणायचे. एप्रिलमध्ये खरं कारण बाहेर आलं. तिच्या वडिलांची कंपनीतली थकबाकी मिळायची होती. "तुमचे पैसे आले की तिकडचा संसार लावायला बरं पडेल," असं सासरे व्याह्यांना म्हणाले. हुंडा मागितला नव्हता ना! हुंडा आता शिक्क्याच्या मागे जाऊन बसला होता. मुदत संपली की पुन्हा फी, पुन्हा तपासणी, पुन्हा खिडकी, आणि सगळ्याच्या वर नवऱ्याची मर्जी.

मैत्रिणींनो, याला आपण काय म्हणतो? दागिने सासूने कपाटात ठेवले तर आपल्याला लगेच कळतं. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन हे बाईच्या एकटीच्या मालकीचं आहे, आणि सासरच्यांनी ते परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. हे आपण शिबिरांमधून पाठ करून घेतलं. पासपोर्ट कपाटात गेला तर मात्र आपल्यालाही तो 'सांभाळून ठेवला' असंच वाटतं. पासपोर्ट उघडून बघा, ही पुस्तिका भारत सरकारची मालमत्ता आहे असं त्यातच छापलेलं असतं. सासऱ्यांची नाही, नवऱ्याची तर नाहीच. २००८ साली सुरेश नंदा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांनाही नाही, तो पासपोर्ट अधिकाऱ्याचा. जे फौजदाराला करता येत नाही ते डोंबिवलीच्या कपाटाला कसं चालतं?

आणि कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपण मारहाणीपुरता वापरतो. त्याच्या १९ व्या कलमात आठवं पोटकलम आहे. बाईचं स्त्रीधन किंवा तिच्या हक्काची दुसरी कोणतीही मालमत्ता, मौल्यवान दस्तऐवज परत द्या, असा हुकूम न्यायाधीश त्याखाली देऊ शकतो. आम्ही त्या कलमाचा अर्ज तयार केला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघीजणी अर्जाची प्रत घेऊन डोंबिवलीला गेलो. चहा आला. सासरे म्हणाले, "सुनेचंच आहे, आम्ही फक्त जपून ठेवलंय." मी म्हटलं, "जपलंत, उपकार झाले. आता तिच्या हातात द्या." अर्जावरचं कलम त्यांनी दोनदा वाचलं. सासूबाई उठल्या. कपाटाची किल्ली कमरेलाच होती.

पासपोर्ट मिळाल्यावर आमच्यातच वाद झाला. एक म्हणाली, अशा घरातल्या मुलाकडे तिला पाठवायचंच कशाला? नवऱ्याने फोनवर "मला यातलं काही माहीत नव्हतं" असं सांगितलं होतं. माझा त्यावर विश्वास नाही, अजूनही नाही. पण जायचं की नाही हे ठरवणं तिचं काम होतं. वीस महिने दुसऱ्यांनी तिच्या वतीने ठरवलं, आता आम्हीही तेच करायचं का? तिने जायचं ठरवलं.

आता शिक्क्यावर काय असतं ते वाचू. लोक त्याला 'कायमचा व्हिसा' म्हणतात. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत बायको त्या देशात उतरली तर तो कायमचा नसतो, दोन वर्षांच्या अटीवर असतो. अशा व्हिसावर इंग्रजी 'सीआर-१' असं अक्षर-अंक असतं, अट नसलेल्यावर 'आयआर-१'. दोन वर्षं संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून अट काढायचा अर्ज करायचा. मिळून! म्हणजे ज्या बाईला मार बसतो तिने मारणाऱ्याची सही आणायची. १९८६ साली तिकडे हा कायदा झाला तो खोटी लग्नं पकडायला. संशय लग्नावर घेतला आणि दंड बायकोला लावला. तिथल्या स्त्री संघटनांनी आरडाओरडा केल्यावर १९९० साली मार खाणाऱ्या बाईला एकटीने अर्ज करायची सवलत मिळाली, आणि १९९४ च्या हिंसाचारविरोधी कायद्याने नवऱ्याच्या अर्जावाचून स्वतः अर्ज करायची वाटही उघडली. त्यांनी भांडून मिळवलेलं आपल्या मुलींना मात्र माहीतच नसतं. २००५ च्या तिकडच्या कायद्यात अशा नववधूंना हक्कांची माहितीपत्रिका द्यावी असं आहे, आणि ती कोणकोणत्या भाषांत करायची त्याची यादीही आहे. हिंदीचं नाव आहे, मराठीचं नाही.

आमच्या मुलीच्या बाबतीत गंमत झाली. सासरच्यांनी पासपोर्ट दाबून इतका वेळ घालवला की लग्नाला दोन वर्षं व्हायला पंधराच दिवस उरले होते. आम्ही म्हटलं, आता थांब. लग्नाचा दुसरा वाढदिवस मोहन्यात आईकडे कर आणि मग जा. जूनमध्ये ती गेली. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तिने लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून तारीख मोजायला लावली आणि अट न घालता आत आली. सासूबाईंच्या कपाटाचा एवढा एक फायदा.

हे सगळं एकट्या अमेरिकेचं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये ही 'परीक्षा' आधी एक वर्षाची होती, २००३ साली दोन वर्षांची झाली, २०१२ पासून पाच. साउथॉल ब्लॅक सिस्टर्सनी वर्षानुवर्षं लढा दिला तेव्हा कुठे छळ झालेल्या बायकांना २००२ मध्ये नियमांतून वाट मिळाली. कॅनडाने २०१२ मध्ये दोन वर्षांची अट आणली आणि २०१७ मध्ये ती मोडीत काढली, कारण बायका मार खात गप्प राहतात हे तिथल्या सरकारलाच मान्य करावं लागलं. आणि १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी झाली होती हे जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. एखादा अपवाद म्हणून तेव्हा सारवासारव झाली. २०११ साली ब्रिटिश सरकारच्याच कागदांतून उघड झालं की भारतातल्या त्यांच्या कचेऱ्यांत निदान ८० बायकांची अशी तपासणी झाली होती. वकिलातीच्या खिडकीला बाईचं शरीर, बाईचं लग्न तपासायचा हक्क आहे, ही समजूत तिथून आलेली आहे.

आपल्याकडे काय? नीरजा सराफ खटला १९९४ चा. १९८९ साली लग्न झालं, नवरा अमेरिकेत, त्याच्या सांगण्यावरून तिने नोकरी सोडली, व्हिसासाठी खटपट करत होती, आणि हातात आली ती लग्न रद्द करण्याची तिथल्या कोर्टाची नोटीस. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सरकारला सुचवलं की इथे झालेलं लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये, बायकोला नवऱ्याच्या इथल्या-तिथल्या मालमत्तेतून पुरेशी पोटगी मिळावी, असा कायदा करा. २०१९ साली राज्यसभेत एक विधेयक आलं, अनिवासी भारतीयाने लग्नाची नोंदणी तीस दिवसांत करावी असं म्हणणारं. ते मांडून ठेवलं गेलं. राजीनामा देऊन वाट बघणाऱ्या मुली १९८९ मध्ये होत्या, आमच्या मोहन्यात आजही आहेत.

म्हणून माझ्या त्या मैत्रिणीला सांगते, ही पोटगीचीच केस आहे. ऐक. बायकोला बोलावताना नवरा एका करारावर सही करतो, तिला तिथल्या गरिबी रेषेच्या सव्वापट उत्पन्नावर ठेवीन असा. तो करार सरकारशी असला तरी बायको त्यावर कोर्टात जाऊ शकते, आणि घटस्फोटाने तो संपत नाही. ती नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांचं काम तिच्या नावावर जमेपर्यंत, किंवा देश कायमचा सोडेपर्यंत तो चालू राहतो. किती मुलींकडे त्या कराराची प्रत असते? आमच्या मुलीकडे नव्हती. आम्ही नवऱ्याकडून ती मागवली तेव्हा तो फोनवर बराच वेळ गप्प होता.

तरी एक गोष्ट आमच्या हाताबाहेर राहिली. शिक्का मारलेला पासपोर्ट आत शिरल्यावर वर्षभर कार्डाचं काम करतो, पण खरं कार्ड टपालाने येतं, अर्जात दिलेल्या पत्त्यावर. पत्ता नवऱ्याचा, पेटी त्याची. ती रोज दुपारी खाली जाऊन पेटी बघत होती, असं तिने आईला कळवलं. पाचव्या आठवड्यात कार्ड तिच्या हातात पडलं. दोन्ही बाजूंचा फोटो तिने आधी मला पाठवला.

आता आमच्या गटाच्या पत्र्याच्या पेटीत अशा फाईलींचे सहा संच आहेत. पासपोर्टचं प्रत्येक पान, शिक्का, लग्नाचं प्रमाणपत्र, नवऱ्याच्या कराराची प्रत, अर्जाचा क्रमांक, आणि तिकडच्या एखाद्या स्त्री संघटनेचा फोन. रविवारी सकाळी आम्ही मोहने गेटजवळ बसतो. ज्यांच्या घरात असं लग्न ठरलं असेल त्यांनी यावं. कोऱ्या अधिकारपत्रावर सही करण्याआधी यावं. आणि मुलीला घेऊन यावं, सासऱ्यांना नको.