बिनविरोध सभागृह आणि नगराची जमीन

महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका अनेक वर्षांच्या खंडानंतर अखेर डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या. खानदेशात मात्र काही ठिकाणी मतदानाचा दिवस उजाडण्यापूर्वीच निकाल लागला होता. जामनेर नगरपरिषदेच्या नगराध्यक्षपदी राज्याचे मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी साधना महाजन प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे बिनविरोध निवडून आल्या. काही नगरसेवकांच्या जागांचा निर्णयही असाच झाला. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे तर मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री नगराध्यक्ष झाल्या आणि त्यांच्यासह सभागृहातील सर्व २६ जागा मतदानावाचून भरल्या गेल्या. जामनेरपुरते बोलायचे तर हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. २०१८ च्या निवडणुकीत तेथे मतदान झाले होते, परंतु नगराध्यक्षपद आणि सर्वच्या सर्व २४ जागा एकाच पक्षाकडे गेल्या होत्या.

या घटनांकडे केवळ एका पक्षाचा जय आणि इतरांचा पराजय या दृष्टीने पाहणे उथळपणाचे होईल. उमेदवारी अर्ज मागे घेणे कायद्याला मान्य आहे आणि बिनविरोध निवड बेकायदेशीर नाही. निवडून आलेल्या व्यक्तींच्या हेतूंविषयी तर्क करण्याचेही येथे कारण नाही. प्रश्न संस्थेचा आहे. ज्या सभागृहात विरोधी बाकच नाहीत, त्या सभागृहाचे निर्णय कोण वाचणार, कोण तपासणार आणि वेळीच कोण अडवणार? आणि ज्या निर्णयांवर नगरातील गरिबांचे पुढील पन्नास वर्षांचे जीवन अवलंबून असते, ते निर्णय नेमके कोणते?

बिनविरोध निवडीचे समर्थन करणारे नेहमी गावाच्या एकोप्याचा दाखला देतात. निवडणुकीचा खर्च वाचतो, भाऊबंदकी टळते, विकासाला वेग येतो, असे सांगितले जाते. या युक्तिवादात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. विनोबांनी सर्वसंमतीचा आग्रह धरला होता, आणि १९३२ साली त्यांची गीतेवरील प्रवचने ज्या धुळ्याच्या कारागृहात झाली, त्या खानदेशाला त्या विचाराची महती वेगळी सांगायला नको. परंतु सर्वसंमती ही चर्चेच्या शेवटी येते. बिनविरोध निवड चर्चेला प्रारंभ होण्यापूर्वीच ती संपवते. जेथे सर्वांचे बोलणे ऐकून एकमत होते तेथे लोकशाही परिपक्व होते. जेथे बोलणाराच उरत नाही तेथील शांततेला एकमत म्हणणे ही शब्दांची चोरी आहे. शिवाय बिनविरोध जागेसाठी मतदानच होत नसल्याने मतदाराला ‘नोटा’चा पर्यायदेखील उरत नाही. त्याची संमती कोणी विचारलेलीच नसते.

आता या सभागृहांच्या कामाकडे वळले पाहिजे. नगरपालिका म्हणजे दिवे, पाणी, गटारे आणि रस्ते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही कामे महत्त्वाची आहेतच. तथापि नगरपरिषदेची सर्वांत मोठी सत्ता जमिनीवर चालते. कोणती शेती निवासी विभागात जाणार, कोणत्या गटातून विकास आराखड्याचा रस्ता जाणार, शाळा, दवाखाना, बाजार आणि क्रीडांगण यांसाठी कोणती जागा राखून ठेवायची, नगरपरिषदेचे गाळे कोणाला किती भाड्याने द्यायचे, हे निर्णय या सभागृहातून सुरू होतात. आराखड्याच्या नकाशावरील एक रेघ अलीकडे पलीकडे सरकली, तर कपाशीच्या एका शेताची किंमत कित्येक पटींनी वाढते आणि शेजारच्या शेताची तेथेच थांबते. ही वाढ जमीनमालकाच्या श्रमातून येत नाही. रस्ता, नळ, शाळा आणि बाजार यांवर समाजाने केलेल्या खर्चातून, आणि नगरात राबणाऱ्या हजारो माणसांच्या वस्तीतून ती येते. अर्थशास्त्रात हिला अनर्जित वाढ म्हणतात.

पाचोरा–जामनेर ही नॅरोगेज गाडी २०२० मध्ये बंद झाली. आता त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून तो बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे. रूळ टाकण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो. मात्र भावी स्थानकाच्या आसपासच्या जमिनीचे भाव वाढतात तेव्हा तो लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. नगररचना योजनेमुळे जमिनीच्या किमतीत होणाऱ्या वाढीपैकी निम्म्यापर्यंत रक्कम सार्वजनिक कामासाठी वसूल करण्याची तरतूद त्या परकीय राजवटीच्या कायद्यात होती. स्वराज्यात ती कल्पना कागदावर राहिली आणि वाढीव किमतीचा ओघ खाजगी खिशांकडेच वळला.

या व्यवहाराचा सर्वांत सूक्ष्म भाग म्हणजे आरक्षण. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात सार्वजनिक उपयोगासाठी जागा आरक्षित होते. त्यानंतर दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालक नगरपरिषदेला खरेदीची सूचना देऊ शकतो. सूचनेनंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती. आज ती चोवीस महिने आहे. वर्षानुवर्षे जमीन अडकवून ठेवून छोट्या शेतकऱ्याला विकूही न देणे हा अन्यायच आहे आणि त्यापासून संरक्षण देणारी ही तरतूद योग्य आहे. परंतु तिचा दुसरा परिणामही ध्यानात घेतला पाहिजे. नगरपरिषदेने काहीही न करणे हाच येथे निर्णय ठरतो. ठराव नको, चर्चा नको, स्वाक्षरी नको. कपाटातील सूचनेवर धूळ साचू दिली की क्रीडांगणाची जागा इमारतीला मोकळी होते.

केवळ ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवला म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा स्पष्ट केला. कायद्याला अपेक्षित असलेली संपादनाची प्रत्यक्ष कार्यवाही मुदतीत झाली नाही, तर आरक्षण टिकत नाही. याचा अर्थ असा की अंदाजपत्रकात संपादनासाठी पैसा ठेवला आहे की नाही, हे दरवर्षी विचारणारा एक तरी सभासद सभागृहात हवा. सत्तारूढ पक्षातील नगरसेवक आपल्याच अध्यक्षाला हा प्रश्न विचारील अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावाला धरून नाही.

विरोधाचा आवाज क्षीण झाला की काय होते, याचा धडा शोधायला जामनेरहून फार दूर जावे लागत नाही. जळगाव नगरपालिकेने नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात गरिबांसाठी ११ हजार ४२४ घरकुले बांधण्याची योजना आखली. योजना नावाप्रमाणे उदात्त होती आणि तिच्यासाठी कर्जही काढले गेले. प्रत्यक्षात जेमतेम दीड हजार घरे पुरी झाली. घरे उभी राहण्यापूर्वीच ठेकेदाराला कोट्यवधी रुपयांची बिनव्याजी उचल दिली गेली, हा आरोपाचा गाभा होता. तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ साली फिर्याद दाखल केली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. या निकालाविरुद्ध अपिले झाली आणि कायद्याच्या दृष्टीने शेवटचा शब्द वरिष्ठ न्यायालयाचा राहील. परंतु कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दोषी ठरलेल्यांत मोठी संख्या नगरसेवकांची होती. त्यांतील कित्येकांचा सहभाग सभागृहात हात वर करण्यापुरता होता, असे गृहीत धरले तरी त्यातून निष्पन्न होते ते हेच, की न वाचता संमत केलेला ठरावही नगराला बुडवू शकतो.

या साऱ्याची किंमत कोणी मोजली? मंत्र्यांनी नव्हे, ठेकेदारानेही नव्हे. हुडकोच्या कर्जाचे ओझे जळगावकरांनी दोन दशके वाहिले. मध्यंतरी महापालिकेची बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली आणि २०१९ मध्ये राज्य शासनाच्या साहाय्याने ते कर्ज मिटवावे लागले. जो पैसा गटारांना, दवाखान्यांना आणि सफाई कामगारांच्या वेतनाला मिळायचा तो व्याजात गेला. व्यापारी संकुलांचा अनुभवही याच जातीचा आहे. महापालिकेच्या मालकीच्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांचे करार २०१२ साली संपले. नूतनीकरण कोणत्या दराने आणि थकबाकी किती, हा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालू राहिला. गाळेधारकांची चिंता खोटी नाही. बऱ्याच कुटुंबांची रोजीरोटी त्यावर आहे. परंतु सार्वजनिक मालमत्तेचा करार संपण्यापूर्वीच खुल्या चर्चेने धोरण ठरले असते, तर दुकानदारही अधांतरी राहिला नसता आणि नगराचे उत्पन्नही थांबले नसते.

जामनेरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथे ग्रामपंचायत होती. ग्रामपंचायतीच्या कायद्याने ग्रामसभा दिलेली आहे. सरपंच कितीही बलवान असला तरी एखादी विधवा किंवा एखादा शेतमजूर उभा राहून त्याला हिशेब विचारू शकतो. गाव वाढून नगर झाले आणि हा अधिकार गेला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्या तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या नगरांपुरत्या बंधनकारक ठेवल्या. जामनेर, दोंडाईचा, पाचोरा, चोपडा यांसारखी नगरे मधल्या मध्ये राहिली. २०१८ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर तर जामनेरचा कारभार २०२५ च्या अखेरपर्यंत प्रशासकाच्या हाती होता. या काळात सभागृहाचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या लेखणीत सामावले होते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या न्यायालयीन वादात निवडणुका रखडल्या आणि ६ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच त्या होऊ शकल्या. इतक्या प्रतीक्षेनंतर जामनेरकरांच्या हाती आलेली नगराध्यक्षपदाची मतपत्रिका कोरीच होती. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याच्या कल्पनेत गाव आणि जिल्हा हे केंद्र व प्रांत यांच्याइतकेच भक्कम खांब होते. आज खालचे खांब वरच्या मजल्यावरील माणसांच्या कुटुंबांनी वेढले आहेत.

या परिस्थितीचा दोष सत्ताधाऱ्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. प्रतिस्पर्धी टिकला नाही, कारण त्याच्यामागे नगरात संघटना नव्हती. दडपण होते की प्रलोभन, याची चर्चा करणे सोपे आहे. पाच वर्षांत एकदा अर्ज भरण्यापलीकडे पुरोगामी पक्षांनी नगरातील प्रश्नांवर काम केले का, हे विचारणे अवघड आहे. हमाल, हातगाडीवाले, जिनिंगमधील मजूर आणि नदीकाठच्या झोपड्यांत राहणारे लोक यांना घरपट्टी कळते, पाणीपट्टी कळते. विकास आराखडा मात्र त्यांच्यापर्यंत कोणी नेलेला नाही.

सभागृहात विरोधक नसतील तर विरोध सभागृहाबाहेर उभा करावा लागेल आणि त्यासाठी कायद्याने काही दारे उघडी ठेवली आहेत. आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी मुदत असते. त्या काळात प्रत्येक वस्तीतून लेखी हरकत गेली पाहिजे. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली होणाऱ्या फेरबदलांना ‘किरकोळ’ म्हटले जाते, पण त्यांतून एखादे आरक्षणच उठू शकते. त्यांच्या सूचना वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात छापल्या जातात, त्या नियमाने वाचल्या पाहिजेत. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वापरून कार्यक्रमपत्रिका, ठराव व इतिवृत्ते मिळवता येतात. आरक्षित जागांची यादी, दहा वर्षे पुरी होण्याची तारीख आणि आलेल्या खरेदी सूचना यांचा तक्ता करून तो चौकात लावता येतो. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीवाचून हस्तांतरित करता येत नाही, तसेच बेकायदेशीर ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी तहकूब करू शकतात. या तरतुदींचा उपयोग कोणी लेखी मागितला तरच होतो.

हे काम सभा गाजवण्याइतके आकर्षक नाही. त्यासाठी नकाशा वाचावा लागतो, गट क्रमांक पाठ करावे लागतात आणि मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर ताटकळत बसावे लागते. परंतु नगरातील मुलांचे क्रीडांगण आणि भाजीवाल्या बायांचा बाजार घोषणांनी वाचत नाही. वेळेत दिलेल्या एका अर्जाने कधी कधी वाचतो. जामनेरमधील पक्षाच्या कार्यकर्त्यांनी येत्या काही महिन्यांत आपल्या नगराच्या आरक्षणांचा असा एक तक्ता जरी पुरा केला, तरी सभागृहातील रिकाम्या बाकांपैकी एक बाक भरला असे मानता येईल.