वेगळं झालं, पण कशावरून?



दहावीच्या विज्ञानात 'धातुविज्ञान' हा पाठ आहे. धातुकातली मृदा अशुद्धी काढण्याच्या पद्धती त्यात येतात: विल्फली टेबल, चुंबकीय विलगीकरण, फेनतरण. मुलं आकृती काढतात, नावं देतात, गुण मिळवतात. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही: विलगीकरण नीट झालं, हे कशावरून? माझं मत असं, की या प्रश्नाशिवाय तो पाठ अर्धाच राहतो.

आपल्याच कोकणातलं उदाहरण घेऊ. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंड या किनाऱ्यांवर काळी वाळू आढळते. ती मुख्यतः बेसाल्ट खडकाची झीज होऊन आलेली. तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज. पांढऱ्या रंगासाठी लागणारं टायटॅनियम डायऑक्साइड त्यापासून मिळतं. सोबत मॅग्नेटाइटही असतं. दोन्ही काळी! साध्या चुंबकाला मॅग्नेटाइट चटकन चिकटतं. इल्मेनाइटला बराच ताकदवान चुंबक लागतो. समजा, अशा चुंबकांनी आपण दोन ढीग केले. आता तपासायचं कसं?

पहिली तपासणी क्ष-किरणांची. नमुन्यावर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक क्ष-किरण बाहेर टाकतं. त्यावरून लोह किती, टायटॅनियम किती हे कळतं. पण गंमत बघा, बेसाल्टमधून आलेल्या मॅग्नेटाइटमध्येही टायटॅनियम असू शकतं. मग सापडलेलं टायटॅनियम नेमकं कोणत्या खनिजातलं? इथे क्ष-किरणांचाच दुसरा उपयोग कामी येतो. स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून हे किरण ठरावीक कोनांतच जोरदार परततात. १९१२ मध्ये लाउए आणि पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी ही वाट दाखवली. प्रत्येक खनिजाचे कोन वेगळे, जणू बोटांचे ठसे. त्यावरून खनिज ओळखता येतं.

तरीही एक गोष्ट उरतेच. या तपासणीसाठी नमुन्याची बारीक पूड करतात, त्यामुळे मूळ कण कसे होते ते कळत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शक हवा. कण राळेत बसवून, घासून आरशासारखे गुळगुळीत करतात आणि परावर्तित प्रकाशात पाहतात. तेव्हा एखाद्या मॅग्नेटाइटच्या कणात इल्मेनाइटच्या पातळ पट्ट्या अडकलेल्या दिसतात. असा कण चुंबकाने कितीही वेळा ओढला, तरी त्यातली दोन खनिजं वेगळी कशी होणार?

आता थोडं गणित करू. समजा १०० किलो वाळूत २० किलो इल्मेनाइट आहे. विलगीकरणानंतर १० किलो माल हाती आला, ९८ टक्के शुद्ध. वा! पण थांबा. त्यात इल्मेनाइट फक्त ९.८ किलो. उरलेलं १०.२ किलो, म्हणजे निम्म्याहून जास्त, टाकाऊ ढिगात गेलं. नुसती शुद्धता पाहणारा खूश होईल. टाकाऊ ढीग तपासणाऱ्यालाच नुकसान कळेल.

ते का गेलं, हे सूक्ष्मदर्शक सांगतो. टाकाऊ ढिगात इल्मेनाइटचे मोकळे कण दिसले तर यंत्राची जुळवणी चुकली आहे. दुसऱ्या खनिजाला जोडलेले कण दिसले तर दळण आणखी बारीक हवं. पण बारीक दळायला वीज जास्त लागते, आणि अति बारीक पूड नीट वेगळी होत नाही. आकडा एकच, उपाय मात्र दोन.

आपल्याला हे ओळखीचं वाटत नाही का? दोन मुलांना सारखेच ३५ गुण पडतात. एकाला संकल्पनाच कळलेली नसते, दुसऱ्याला कळलेली असते पण लिहिता येत नाही. दोघांना एकच जादा तास लावून काय साधणार?

काही जण म्हणतील, शाळेत क्ष-किरण यंत्र कुठून आणायचं? आणायची गरजच नाही. बांधकामाची मूठभर वाळू घ्या. कागदात गुंडाळलेला चुंबक तिच्यातून फिरवा. चिकटलेला भाग आणि उरलेला भाग वेगळे ठेवा. मग भिंगाखाली प्रत्येक भागातले शंभर-शंभर कण मुलांना मोजू द्या: काळे किती, पांढरे किती, जोडलेले किती? सूक्ष्मदर्शकाखाली खनिज तपासणारेही कण मोजूनच हिशेब मांडतात. एका तासिकेत होणारा प्रयोग आहे हा.

पालकहो, मूल घरी येऊन "आज आम्ही चुंबकाने वाळू वेगळी केली" असं म्हणालं, की शाबासकी जरूर द्या. आणि लगेच विचारा, "टाकलेल्या वाळूत काय उरलं, ते पाहिलंस का?"