बेणे पारखता, तसे पोलादही पारखा

सभासद बंधूंनो,

आम्ही शेतावर गेलो की कोणी म्हणते, "साहेब, तुम्ही उसाचं बोला, लोखंडाचं कायले सांगता?" पण ऊस गव्हाणीत पडला की पुढचे सारे काम लोखंडाचेच. रसाच्या पंपाचा शाफ्ट गेला तर गाळप थांबते आणि तुमचा तोडलेला ऊस गाडीतच वाळतो. म्हणून हे चार शब्द.

कच्चा रस आंबट, पुढे त्याला गंधकाच्या धुराची जोड. तिथे स्टेनलेस स्टीलच टिकते. पण ते चिवट. लेथवर कापता कापता आणखी कडक होते. म्हणून 303 जातीत मुद्दाम निदान 0.15 टक्के गंधक घालतात. 304 मध्ये ते 0.03 टक्क्यांवर चालत नाही. गंधकाने कीस तुटून पडतो, काम झपाट्याने उरकते. पण त्याच गंधकाच्या कणांपाशी गंज पहिले छिद्र पाडतो. काही जातींत सेलेनियम घालतात. ते जादा झाले की जनावरालाही विष. साध्या पोलादात शिसे घालतात. त्याचा धूर भट्टीवरच्या मजुराच्या छातीत जातो.

तिसरी वाटही आहे. वितळलेल्या पोलादात थोडे कॅल्शियम सोडले की आतले कठीण कण मऊ पडतात आणि गंधक न वाढवता 304 बरे कापले जाते. 303 इतके सोपे नाही, लेथवर वेळ जास्त लागेल, हे कबूल.

तरी आमचे मत स्पष्ट आहे. रस लागतो तिथे कॅल्शियमचे 304 घ्यावे. कोरड्या जागी 303 चालेल. शिशाचे पोलाद नकोच. निविदेत तसे लिहावे व मालासोबत तपासणीचा दाखला मागावा. 303 चा कीस वेगळ्या पिंपात ठेवावा. 304 मध्ये मिसळला तर सारे भंगार नासते, भाव पडतो. लेथचे जुने तेल नाल्यात सोडू नये. धाम असो की बोर, पाणी शेवटी वर्धेलाच मिळते, आणि तेच आपल्या उसाला.

1934 साली वर्ध्यात ग्रामोद्योग संघ उभा राहिला. त्याचे काम पाहणारे कुमारप्पा नुसता बाजारभाव पाहत नसत, मागे काय नासले तेही मोजत. आपणही तसेच मोजावे. बेणे घेताना तुम्ही डोळा न् डोळा पाहता. येत्या वार्षिक सभेत पोलादाचेही विचारा.

— ऊस विकास अधिकारी