मंजुरी जुलैत, पैसे केव्हा?

२०२५ सालच्या १ जुलैला केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एक यादी जाहीर केली. सरकारी खर्चाने परदेशात एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करण्यासाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांची ही यादी. अर्ज आले होते ४४०. त्यांतून १०६ जणांची निवड झाली, ६४ जणांची निवड झाली नाही आणि २७० अर्ज बाद झाले. इथपर्यंत सारे नेहमीचेच. परंतु निवड झालेल्या १०६ जणांपैकी तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली ती पहिल्या ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आले की, निधी उपलब्ध झाल्यास तुमची पत्रे निघतील. पुढे कोणाला पत्र केव्हा मिळाले हा निराळा विषय. मला त्या दिवशीची त्या ६६ घरांतली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणावीशी वाटते. मुलाचे नाव यादीत आहे. शेजारी अभिनंदनाला येत आहेत. आणि पेढे आणावेत की नाही, हे घरात कोणालाच ठरवता येत नाही.

माझी उभी हयात बँकेत गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री, दिवसा कर्जाचे कागद तपासले. बँकेत आलेल्या नव्या माणसाला आम्ही पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवीत असू : मंजुरी वेगळी आणि वाटप वेगळे. मंजुरी म्हणजे कागद, वाटप म्हणजे पैसा. शेतकऱ्याचे पीककर्ज जूनमध्ये मंजूर झाले आणि त्याच्या हातात ऑगस्टमध्ये पडले, तर आमच्या दफ्तरी ते कर्ज व्यवस्थित दिले गेले अशी नोंद होते; पेरणी मात्र सावकाराच्या पैशावर झालेली असते. सरकारी शिष्यवृत्त्यांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते जागा किती, रक्कम किती, उत्पन्नाची मर्यादा किती, एवढेच. पैसा कोणत्या तारखेला हातात पडतो, हे कोणी विचारीत नाही. आणि गरीब घरातल्या मुलाचा निकाल बहुतेक वेळा त्या तारखेवर लागतो.

ही योजना जुनी आहे. १९५४-५५ साली ती सुरू झाली. आज तिच्यात वर्षाला १२५ जागा आहेत : ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, वय पस्तिशीच्या आत, पदवीला किमान साठ टक्के, आणि प्रवेश मिळालेले विद्यापीठ क्यूएस नावाच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत हवे. फी पूर्ण मिळते, विमानाचे तिकीट मिळते, राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो. योजना चांगली आहे हे आधी स्पष्ट म्हणतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी ती बंदच करावी म्हणेल! आपल्याकडे तशीही सूचना यायला वेळ लागत नाही.

आता वेळापत्रक पाहा. इंग्लंडमधला अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होतो. विद्यापीठे ऑफर लेटर देतात ते जानेवारीपासून पुढे. ही पत्रे दोन प्रकारची : सशर्त आणि विनाअट. शिष्यवृत्तीला विनाअट पत्र लागते. आता ते विनाअट होण्यासाठी शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका हवी, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हवा, आणि पुष्कळ ठिकाणी जागा राखून ठेवायची तर काही रक्कम आगाऊ भरावी लागते. म्हणजे पैसे मिळावेत म्हणून अर्ज करायचा, आणि अर्जाच्या वाटेवर आधी पैसे भरायचे. इंग्रजीच्या परीक्षेची फी, विद्यापीठांच्या अर्जांची फी, पासपोर्ट, गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती, कुरिअर. मध्यमवर्गीय घरात हा किरकोळ खर्च म्हणून निघून जातो. आठ लाखांची मर्यादा ऐकायला मोठी वाटते. पण दरमहा पंधरा-वीस हजारांवर चालणारे घरही तिच्यातच बसते, आणि अशा घरात हा किरकोळ खर्च म्हणजे दोन-तीन महिन्यांची कमाई असते.

आमच्या कॉलनीच्या मागच्या गल्लीत एसटीच्या कार्यशाळेत काम करणारे एक गृहस्थ राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांची मुलगी अशाच एका सरकारी शिष्यवृत्तीच्या कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. “काका, तुम्ही बँकेत होतात, एवढे बघून द्या,” म्हणाली. सार्वजनिक आरोग्य या विषयात एम.एस्सी. करायची होती आणि इंग्लंडच्या एका विद्यापीठाचे पत्र हातात होते. जागा टिकवण्यासाठी दोन हजार पौंड, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख रुपये, मे महिन्यात भरायचे होते. शिष्यवृत्तीचा निकाल तेव्हा कोणाच्या नजरेतही नव्हता. वडिलांनी पतपेढीतून काही उचलले, आईचे मंगळसूत्र सोडून बाकीचे सोने गहाण पडले. निवड झाली ती ऑगस्टअखेर. मंजुरीपत्र आले सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तोवर वर्ग भरले होते. विद्यापीठ माणुसकीने वागले, जागा पुढच्या वर्षासाठी राखली. मुलगी वर्षभराने गेली, शिकली, आज चांगल्या नोकरीत आहे. सरकारी अहवालात ती यशस्वी लाभार्थी म्हणून मोजली गेली असेल आणि ते खरेही आहे. पण त्या वर्षभराचे गहाणाचे व्याज कोणत्या रकान्यात लिहायचे? तिच्या आईने मला एकदा विचारले, “भाऊ, सरकारने दिले म्हणता, मग आम्ही फेडतोय ते काय?” मला उत्तर सुचले नाही.

कोणी म्हणेल, सरकारी पैसा आहे, तपासणी नको का? हवी. खोटे दाखले जोडून लाभ घेणारे असतात, मीही तीस वर्षांत असे कागद पुष्कळ पाहिले आणि परत पाठवले. पण तपासणी आणि खोळंबा यांत फरक आहे. उत्पन्नाचा दाखला घ्या. तो तहसीलदाराकडून येतो, आणि आर्थिक वर्ष बदलले की जुना चालत नाही. मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिलमध्ये रद्दी होतो. मग सेवा केंद्रावर पुन्हा रांग. नावांचे प्रकरण तर आपल्या मराठी माणसाच्या पाचवीलाच पुजलेले. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. वडिलांचे नाव आधारवर ‘राव’ लावून, जातीच्या दाखल्यावर ‘राव’ न लावता. एका इंग्रजी अक्षराच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र, त्यासाठी स्टॅम्पपेपर, मग नोटरी. ज्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत तिथे हे कागद एका फाइलीत लावून ठेवलेले असतात. ज्या घरातली पहिलीच पिढी शिकते आहे, तिथे ते पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडतात. २७० अर्ज बाद होतात तेव्हा त्यांतले किती गुणवत्तेत मागे पडले आणि किती कागदात अडकले, हे निराळे छापले तर आपल्याला पुष्कळ कळेल.

त्यात जामीनदार. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने पैसा बुडवू नये म्हणून अशा योजनांत करारनामा लिहून घेतात आणि त्याला जामीनदार मागतात. जामीनदार म्हणजे ज्याची ऐपत आहे असा माणूस. आता ज्या वस्तीत कोणाच्या नावावर सातबारा नाही, पगाराची स्लिप नाही, तिथे लाखांच्या रकमेला जामीन राहणारा माणूस आणायचा कोठून? तो बहुधा वस्तीबाहेरचा असतो : शाळेतले गुरुजी, एखादा सरकारी नोकर, क्वचित माझ्यासारखा निवृत्त माणूस. आणि अशा माणसाकडे जायचे म्हणजे पुन्हा उंबऱ्यावर उभे राहायचे. हक्काच्या योजनेत उपकाराची गाठ अशी बसते.

या विषयावर लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण येणे स्वाभाविक आहे, पण ती मला येते ती तारखांमुळे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, ही अट कडकच होती. पण त्याच वर्षी जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले होते! सही आणि बोट यांच्यात काही आठवड्यांचे अंतर. ना संगणक, ना पोर्टल. पुढची बाजूही याच गोष्टीची. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना मिळाली होती. परत जायला १९२० साल उजाडले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज एवढे गोळा झाले तेव्हा. एवढ्या बुद्धीच्या माणसाचीसुद्धा तीन वर्षे पैशाने अडवली.

ओघात आले म्हणून सांगतो. याच योजनेच्या नियमांत २०२२ साली एक कलम आले, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय परदेशी शिकण्यासाठी पैसे मिळणार नाहीत. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर होता. नियम करणाऱ्याच्या टेबलावर त्यांची तसबीर असेलच.

निवड झाली, पैसे आले, मूल पोहोचले, असे धरू. मग भत्ता पुरतो का? २०२५ साली इंग्लंडसाठी वर्षाला ९,९०० पौंड असा दर होता, शिवाय पुस्तके वगैरेंसाठी १,१०० पौंड. याच २०२५ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने व्हिसासाठी राहण्याखाण्याचा किमान खर्च ठरवला तो लंडनबाहेर महिना १,१३६ पौंड आणि लंडनमध्ये १,४८३ पौंड. तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा दाखवावा लागतो, म्हणजे लंडनबाहेर १०,२२४ आणि लंडनमध्ये १३,३४७. आमचे बारा महिन्यांचे ९,९०० त्यांच्या नऊ महिन्यांच्या किमान खर्चाहून कमी! तिथल्या सरकारला आपल्या मुलांचे जेवण महाग वाटते, इथल्या सरकारला स्वस्त. मग मुले हॉटेलात भांडी घासतात, दुकानात रात्रपाळी करतात. काम करण्यात कमीपणा नाही. पण ज्या वर्षासाठी सरकार लाखो रुपये फी भरते, त्या वर्षातले वाचनाचे तास विकून भाडे भागवायचे, हा हिशेब कोणत्याही शाखाधिकाऱ्याला पटणार नाही.

बरे, कर्ज काढावे म्हटले तर शैक्षणिक कर्ज आहेच, असे लोक सांगतात. माझ्याच व्यवसायाची गोष्ट आहे म्हणून सांगतो. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्जाची सोय असते. परदेशातल्या एका वर्षाचा खर्च त्याच्या तिप्पट-चौपट जातो, आणि त्यापुढे बँक घराचे कागद मागते. घर नावावर असते तर प्रश्नच नव्हता.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो फार मोठाही नाही. जागा १२५ हे ठरलेले आहे, फी किती पडते याचा अंदाज दरवर्षीच्या अनुभवावरून येतो. म्हणजे हे सरकारचे आधीच माहीत असलेले देणे आहे. अशा देण्याची तरतूद आधी करावी आणि मग यादी लावावी, हे किराणा दुकानाचा जमाखर्च लिहिणारालाही कळते. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घ्या. तिचे अर्ज ऑगस्टमध्ये सुटतात आणि अभ्यासक्रम सुरू होतो तो पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. वर्षभर आधी चाक फिरायला लागते, म्हणून विद्यापीठाची तारीख आणि पैशाची तारीख जुळायला अवधी राहतो. आपले चाक सहा महिने अलीकडे आणायला कायदा बदलावा लागत नाही.

आणि तोवर बँकांनी काय करावे? मी शाखेत असताना सरकारी कामाच्या बिलावर ठेकेदारांना उचल देत असू. बिल मंजूर आहे, पैसा सरकारकडून यायचाच आहे, मग मधले तीन महिने बँकेने सांभाळायचे, असा तो व्यवहार. रस्त्यावर टाकलेल्या खडीच्या बिलावर जर उचल मिळते, तर मुलीच्या शिष्यवृत्तीच्या निवडपत्रावर का मिळू नये? देणारे तेच सरकार आहे. निवड होताच आगाऊ रक्कम, व्हिसा आणि तिकीट यांपुरती उचल बँकेने द्यावी, पैसे थेट विद्यापीठाकडून किंवा सरकारकडून वळते व्हावेत, आणि मधले व्याज सरकारने सोसावे. उशीर त्याचा असतो. व्याज आपल्या खिशातून जायला लागले की फायली किती वेगाने हलतात, हे मी बँकेत असताना अनेकदा पाहिले आहे.

ज्यांच्या घरात यंदा असा अर्ज भरला जाणार आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा उत्पन्नाचा दाखला काढा. सगळ्या कागदांवरची नावे आजच एका ओळीत लिहून ताडून पाहा. विद्यापीठाला पत्र लिहून आगाऊ रकमेची मुदत वाढवून मागा, शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे असे कारण द्या. पुष्कळ विद्यापीठे ऐकतात, पण विचारावे लागते. जागा वर्षभर पुढे ढकलता येईल का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. जामीनदार निवडीनंतर शोधू नका, आधी शोधा. आणि गहाण ठेवण्याची वेळ आलीच तर सराफाच्या पेढीवर जाण्याआधी बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर विचारा. दोन्हींत बराच फरक असतो.