बकेटची पातळी आणि उकिरड्याचा तळ

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोडरची बकेट जमिनीवर टेकली, की तिचा तळ चालकाच्या नजरेआड जातो. आसनावरून दिसते ती बकेटची पाठ आणि वरची कड. माल उचलणारे पाते त्या पाठीच्या पलीकडे, चालकापासून तीनेक मीटर दूर असते. तरीही तळ जमिनीला समांतर आहे की नाही, याचा निर्णय दर खेपेला त्यालाच घ्यावा लागतो. हा निर्णय सर्रास ‘हाताच्या अंदाजा’वर सोडला जातो आणि असा अंदाज असणे हेच कौशल्य मानले जाते. शेणखत उपसणे, कंपोस्टचा ढीग उलटणे आणि गोठ्याचे आवार खरवडणे या तीन कामांपुरता तरी हा समज सोडून द्यायला हवा. येथे अंदाज थोडा चुकला तरी त्याची किंमत पिकाला आणि जनावरांना मोजावी लागते.

ही चूक किती लहान असते आणि तिचा परिणाम किती मोठा, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. बकेटच्या तळाची पुढून मागे लांबी ६० सेंटिमीटर धरू. पाते केवळ ५ अंशांनी वर राहिले, तर तळाची मागची कड जमिनीला टेकलेली असताना पाते जमिनीपासून सुमारे ५ सेंटिमीटर उंच असते. पाच अंशांचा हा कल आसनावरून कोणाच्याही लक्षात येणार नाही. दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद उकिरड्याच्या तळावर ५ सेंटिमीटरचा थर मागे राहिला, तर ते ३ घनमीटर खत होते. म्हणजे एक ब्रासपेक्षा थोडे अधिकच. शिवाय हा थर सैल राहत नाही. ट्रॅक्टरची चाके आणि बकेटची पाठ त्याला दाबून घट्ट करतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र खड्डा ‘रिकामा’ झालेला असतो आणि पावसाळ्यानंतर नवे शेण त्याच थरावर पडू लागते.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने उकिरड्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. नारळावरील गेंडा भुंगा, ऑरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस, आपली अंडी कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांत घालतो: शेणखताचे खड्डे, कंपोस्टचे ढीग, कुजलेले माड. त्याची अळी कित्येक महिने तेथेच वाढते. उन्हाळ्यात ढिगाचा वरचा भाग वाळला, की अळ्यांना जगवणारा ओलावा खालच्या थरात शिल्लक असतो. भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा, न उमललेला पाला पोखरतो. पुढे ती झावळी उमलते तेव्हा कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी खाच दिसते. कोकण, गोवा, कर्नाटकची किनारपट्टी आणि केरळ येथील बागायतदाराला ही खाच ओळखीची आहे. माडावर चढून, हुकाने भुंगे काढून तो दमतो आणि भुंग्यांची पैदास मात्र त्याच्याच गोठ्यामागे चालू असते.

म्हणूनच मेटाऱ्हायझियम ही उपयुक्त बुरशी खड्ड्यात मिसळण्याची शिफारस केली जाते. तिचे बीजाणू अळीच्या अंगाला लागले आणि पुरेसा ओलावा असला, तरच ती अळीला मारते. घट्ट दाबला गेलेला, न उलटलेला तळाचा थर या दोन्ही उपायांतून निसटतो. तेथे बुरशी पोहोचत नाही आणि पक्षीही पोहोचत नाहीत. ढीग उलटताना लोडरच्या मागे बगळे, कावळे आणि साळुंक्या जमतात ते उगाच नव्हे. उघड्यावर आलेली अळी त्यांच्या तावडीतून क्वचितच सुटते. पण त्यासाठी ती आधी उघड्यावर यायला हवी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. खतात दिसणारी प्रत्येक पांढरी, वाकडी अळी म्हणजे उसाची हुमणी, असे सरसकट मानले जाते. तसे नसते. खतातील बऱ्याच अळ्या गेंडा भुंग्याच्या किंवा फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या असतात. सपाट जमिनीवर ठेवल्यावर जी अळी पाठीवर उताणी होऊन सरपटत जाते, ती फुलभुंगेऱ्याची. तिचे अन्न कुजका कचरा असते. उभ्या पिकाची मुळे ती खात नाही. विस्तार कार्यकर्त्याने एवढी एक खूण दाखवली, तरी पुष्कळ अनावश्यक औषध वाचेल. मात्र अळी कोणतीही असो, तळ साफ न करता वर नवा ढीग रचण्याचे समर्थन करता येणार नाही.

दुग्धव्यवसायात हाच प्रश्न अधिक वेगाने उभा राहतो. पंजाब, हरियाणा आणि गुजरातमधील मोठ्या गोठ्यांत आवार खरवडण्यासाठी लोडर वापरला जातो. घरमाशी उष्ण हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत पुरा करते. शेण, मूत्र आणि सांडलेला चारा यांचे ओले मिश्रण चावऱ्या गोमाशीलाही मानवते. ती जनावरांचे रक्त शोषते आणि तिच्या त्रासाने जनावर नीट चरत नाही, दूधही कमी देते. आवार दर तीन दिवसांनी खरवडले जाते, असे मालक अभिमानाने सांगतो. पण बकेटचे पाते वर राहत असेल, तर दर तीन दिवसांनी वरचा थर जातो आणि खालचा पट्टा महिनाभर तसाच राहतो. अळ्यांची वाढ तेथे निर्वेध पुरी होते. मग फवारणीचा खर्च वाढतो आणि दोष औषधाला दिला जातो.

उलट चूकही तितकीच महाग पडते. पाते खाली झुकले, की ते तळ खणते. मातीचा तळ असेल तर शेणखताच्या ट्रॉलीत माती आणि मुरूम येतो. खत विकत घेणारा मातीचे पैसे मोजतो. विटांचा किंवा काँक्रीटचा तळ असेल तर सांधे उखडतात, आणि त्या फटींत साचणारा ओला गाळ कोणत्याही बकेटने निघत नाही. मातीचा तळ दरवर्षी थोडा थोडा खोल होत गेला, की तेथे पाणी साचते आणि पुढच्या वर्षी चिकट, न कुजलेला थर अधिक जाड मिळतो. ज्याने एकदा खणले, त्याला पुढे सपाट बकेटनेही तळ साफ करता येत नाही. म्हणून या दोन चुकांमध्ये दुसरी अधिक वाईट म्हणावी लागेल. पहिली पुढच्या वेळी सुधारता येते. दुसरीला भराव घालावा लागतो.

मग सपाट म्हणजे नेमके काय, हे कसे ओळखावे? बहुतेक लोडरच्या लिव्हरला फ्लोट ही स्थिती असते. तीत बूम स्वतःच्या वजनाने जमिनीवर विसावते. कठीण, सपाट जागेवर, म्हणजे सारवलेल्या खळ्यावर किंवा काँक्रीटवर, रिकामी बकेट पाते खाली झुकवून टेकवावी. बूम फ्लोटवर ठेवावी आणि बकेट सावकाश मागे वळवत आणावी. सुरुवातीला बूम हळूहळू खाली येताना दिसते, कारण बकेट पात्याच्या टोकावरून पूर्ण तळावर येत असते. बूमचे खाली येणे जेथे थांबते, तेथे तळ जमिनीवर पुरा बसलेला असतो. त्यापुढे बकेट वळवली तर ती मागच्या कडेवर उभी राहते आणि पाते उचलले जाते. ही खूण आसनावरून स्पष्ट दिसते. फ्लोट नसलेल्या लोडरवर दुसरी खूण उपयोगी पडते: स्टिअरिंग अचानक हलके लागले, तर बकेट जमिनीला इतकी रेटते आहे की पुढच्या चाकांवरचे वजन कमी झाले आहे. हा इशारा पाते खाली झुकल्याचा असू शकतो, किंवा बूम अधिक दाबल्याचा.

पण प्रत्येक खेपेला फ्लोटचा हा प्रयोग करणे व्यवहार्य नाही. त्यासाठी दर्शक दांडी हवी. एक सरळ सळई बकेटकडच्या बाजूला, पिस्टनच्या टोकाशी जोडतात आणि तिचे दुसरे टोक बकेट वळवणाऱ्या सिलिंडरच्या अंगावर पट्ट्याने आवळलेल्या नळीतून सरकू देतात. तळ पूर्ण बसलेला असताना गवंड्याची पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल, आधी जमिनीवर आणि मग बकेटच्या आतल्या तळावर ठेवून खात्री करतात आणि नळीच्या तोंडाशी सळईवर ठळक रंगाची खूण करतात. गावातल्या वेल्डरचे हे थोड्या वेळाचे काम आहे. सिलिंडरवर मात्र वेल्डिंग कधीही करू नये. तेथे पट्टाच आवळावा. इतरत्र वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची जोडणी आधी सोडवावी. पाते झिजले, बदलले किंवा पुढच्या टायरमधील हवा कमी झाली, की ही खूण पुन्हा तपासावी लागते.

दर्शक दांडीची एक मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. साध्या लोडरमध्ये बूम वर गेली की बकेट तितक्याच अंशांनी मागे वळते. जमिनीलगत खरी असलेली खूण उंचीवर खोटी ठरते. समांतर दांड्यांची आपोआप समतोल राखणारी रचना असलेल्या लोडरमध्ये ही अडचण बरीचशी कमी होते, पण तो महाग असतो. साध्या लोडरवर उंच उचललेला माल मागे, थेट चालकाच्या अंगावर ओघळू शकतो. शेणखताचे ढेकूळ अंगावर पडले तर निभावते. पेंढ्याची गाठ किंवा दगड पडला तर नाही. म्हणून भरलेली बकेट नेताना ती शक्य तितकी खाली ठेवावी, आणि उंच उचलताना नजर दांडीवर नव्हे, बकेटच्या कडेवर असावी. तसेच ट्रॅक्टरची पुढची चाके ढिगावर चढली, की ‘सपाट’ बकेट ट्रॅक्टरला समांतर असते, जमिनीला नव्हे. ढिगावर चढून उपसणे ही सवयच त्यामुळे टाळावी. तळाच्या पातळीवरून, समोरून शिरावे.

अनुभवी चालकांचा आक्षेप ठरलेला असतो: दहा वर्षे हेच करतो आहे, सळई कशाला हवी? त्याच्या स्वतःच्या यंत्रापुरता तो खरा असेलही. पण आता लोडर फारच थोड्या शेतकऱ्यांच्या घरचा असतो. तो अवजारे बँकेतून किंवा भाड्याने येतो. चालक बदलतो, यंत्र बदलते, बकेटचा आकार बदलतो, आणि काम पुष्कळदा पावसाच्या तोंडावर दिव्यांच्या उजेडात, घाईने उरकले जाते. भाडे तासावर किंवा खेपेवर असल्याने तळाशी राहिलेल्या थराची चालकाला चिंता नसते. चिंता असते ती मालकाला, आणि मालक त्या वेळी ट्रॉली मोजण्यात गुंतलेला असतो.

अवजारे बँकांनी दर्शक दांडी नसलेला लोडर भाड्याने देऊच नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अशा केंद्रांना अर्थसाहाय्य मिळते. त्याच्या अटींत ही एक ओळ सहज बसेल. बुदनी, हिस्सार, गारलदिन्ने आणि बिस्वनाथ चारियाली येथील केंद्र शासनाच्या संस्था कृषी यंत्रांचे प्रशिक्षणही देतात आणि परीक्षणही करतात. लोडरच्या परीक्षणात ‘बकेटची पातळी आसनावरून कळते का’ हा प्रश्न त्यांनी विचारला, तर उत्पादक सळई कारखान्यातूनच बसवून देतील.

तोपर्यंत विस्तार कार्यकर्त्याच्या हाती एक सोपी तपासणी आहे. खड्डा उपसून झाल्यावर, चालकाचे पैसे देण्याआधी, तळात चार-पाच ठिकाणी फावडे मारून पाहावे. काळा, चिकट थर दोन बोटांपेक्षा जाड लागला, तर लोडर अजून अंगणातच उभा आहे. एक फेरी पुन्हा मारून घ्यावी. बकेट जेथे पोहोचत नाही ते कोपरे फावड्यानेच काढावेत. आणि त्या थरात सापडलेल्या अळ्या कोंबड्यांपुढे टाकाव्यात.