संजीवनीची परीक्षा

गेल्या माघांत आमच्या थोरल्या काकू रामेश्वराची यात्रा करून परतल्या, तेव्हां प्रसादाच्या पुड्यांबरोबर मुठीएवढ्या दोन वाळक्या जुड्या त्यांच्या ट्रंकेंतून निघाल्या. विकणाऱ्यानें त्या ‘संजीवनी’ म्हणून दिल्या होत्या. परातींत पाणी घालून ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत दोन्ही उलगडल्या व हिरव्या दिसूं लागल्या. काकूंनीं हळदकुंकू वाहिलें. इतक्यांत आमचा पुतण्या म्हणाला, “आजी, ह्या जिवंत आहेत हें कशावरून?” त्याला दटावण्यांत आलें, पण प्रश्न सोडून देण्याजोगा नव्हता, असें आम्हांस वाटलें.

रामायणांतील संजीवनी ती हीच कीं नव्हे, हा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. बाजारांत ह्या नांवानें मिळते ती वनस्पति बहुधा सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस होय. हिला फूल नाहीं, बीं नाहीं. नेच्यांच्या दूरच्या नात्यांतली ही खडकावर वाढते. पाऊस सरला कीं ती फांद्या आंत गुंडाळून घेते, आणि त्या आडोशाला हरितद्रव्य उन्हापासून बचावतें. उलगडतांच दिसणारें हिरवेपण तें हेंच, झांकून ठेवलेलें. उलगडणें तर पाणी शोषल्यानेंही घडतें. अरबस्तानच्या वाळवंटांतील अ‍ॅनास्टॅटिका नांवाचें झुडूप बीं धरून मरून जातें. तरी पाऊस पडतांच त्याच्या मेलेल्या फांद्या उघडतात व बिया सांडतात.

खरी करामत पेशींत आहे. सामान्य रोपाच्या पेशींतलें पाणी पुरतें आटलें, कीं तिचे नाजूक पापुद्रे फाटतात आणि ती मरते. ह्या जातींत मात्र पाणी जाऊं लागलें, कीं पेशींतील शर्करा घट्ट होत होत कांचेसारखी बनते व पापुद्र्यांना सांवरून धरते. ही युक्ति आपल्याला परकी नाहीं. ज्वारीचा दाणा कणगींत कोरडा पडून राहतो आणि पेरणीला उगवतो, तो अशाच बळावर. पण त्याच ज्वारीचें ताट वाळलें कीं त्याचा कडबा झाला! दाण्यांतली ही विद्या पानांनाही देतां येईल काय, ह्याचा शोध केपटाउन विद्यापीठांत जिल फॅरंट ह्या विदुषींनीं अनेक वर्षें चालविला. आपल्याकडेही, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनीं पश्चिम घाटांतील अशा ६२ जातींची नोंद २०२२ सालीं प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच कातळांवर राहतात. आपण ज्यांना पडीक म्हणून नाक मुरडतों, त्याच कातळांवर.

पुतण्याला आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं दोन्ही जुड्या कुंड्यांत लाव आणि थांब. टोंकाला नवी वाढ दिसली तरच ती जिवंत समज. तो रोज भिंग घेऊन बसे. बाविसाव्या दिवशीं एकीच्या टोंकांना फिकट पालवी आली. दुसरी तोंवर बुरसली होती. काकू कांहीं बोलल्या नाहींत. पालवी फुटलेली कुंडी त्यांनीं स्वतः उचलून तुळशीशेजारीं सावलींत ठेवली, आणि दुसरी पुतण्याकडून परसांत रिकामी करविली.